एकी-बेकीचा सवाल

आबा डफ घेऊन हॉस्टेलच्या फाटकाशी उभे होते आणि वॉचमन त्यांना आत सोडत नव्हता.

"गारुडी-बिरुडी आत चालत नाहीत," तो म्हणत होता.

"गारुडी न्हवं रं बाबा, शाहीर हाय मी. माझी लेक हितं गणित शिकती."

"शाहिराची लेक, आणि गणित?"

"मग? शाहिराला मोजाय येत न्हाई व्हय? कवनाच्या मात्रा कोण मोजतं, तुझा बा?"

मी जिन्यावरून धावत खाली पोचले तोवर दोघं हसत होते आणि वॉचमन आबांना बिडी पेटवून देत होता. आबांचं असंच. भांडायला उभे राहायचे आणि सोयरीक जमवून यायचे. पण डफावरचं फडकं वाऱ्यानं सरकलं होतं आणि खालचा डफ बोडका दिसत होता. तुरा नसलेला डफ घेऊन आबा कोल्हापूरच्या भर रस्त्यानं चालत आले होते. मला कसंसंच झालं.

तुऱ्याचं आधी सांगायला हवं. आमच्याकडं भेदिक गाणाऱ्या शाहिरांचे दोन पंथ. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. आपापल्या डफाला कलगी नाहीतर तुरा बांधायचा, समोरासमोर बसायचं, एकानं कवनातून सवाल घालायचा आणि दुसऱ्यानं कवनातूनच तो उकलायचा. सवाल पुराणातले असत तसे आकड्यांचेही असत. फांद्यांवर बसलेली पाखरं, बाजाराला नेलेली मेंढरं, राणीच्या तुटलेल्या माळेचे मणी. मी पाढे शाळेत शिकलेच नाही, आबांच्या मागं झील धरता धरता, त्यांच्या ओळीचा शेवट उचलून गाता गाता शिकले. माळेवाडीच्या भैरोबाच्या जत्रेत तर हरण्याचीही रीत ठरलेली होती. हरणाऱ्यानं आपला तुरा सोडून देवापुढं ठेवायचा. पुढच्या साली जिंकला तर तो परत डफावर चढायचा. पुन्हा हरला तर तुरा समोरच्याचा, आणि हरलेल्या फडानं त्या जत्रेत परत बैठक मांडायची नाही.

आदल्या साली आबा हरले होते. कलगीवाले बाबालाल मुलाणी समोर होते. आबांच्याच वयाचे, जिभेला धार, आणि बैठक सोडली की आबांचे जिवाभावाचे दोस्त.

फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर आम्ही बाकड्यावर बसलो. आबांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत.

"शालन, मला एक सवाल पायजे."

"कसला सवाल?"

"बाबालालला न येणारा. माझी पोतडी रिकामी झाली गं. माझं सगळं त्याला पाठ, त्याचं सगळं मला पाठ. तो इचारतो, मी सांगतो, मी इचारतो, तो सांगतो. गेल्या साली खरं सांगू का, मला बसल्या बसल्या पेंगच आली हुती. त्यात एक कडवं निसटलं." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुमच्या कालिजात सवालांला काय तोटा?"

मला त्या दिवसांत एकाच सवालानं झपाटलं होतं. आमच्या पेंढारकर सरांनी तो वर्गात घातला आणि वरून बजावलं, याच्या नादी लागू नका, भलेभले लागले आणि हात हलवत परत आले. झालं. मी नादी लागले. जेवताना, वेणी घालताना, प्रार्थनेला उभी असताना डोक्यात तेच. खोलीतली पोरगी म्हणायची, ही झोपेतसुद्धा आकडे पुटपुटते, हिला एकदा डॉक्टरला दाखवा.

मी गाडेवाल्याकडून मूठभर शेंगदाणे घेतले.

"आबा, लहानपणी आम्ही चिंचोक्यांनी एकी-बेकी खेळायचो बघा. जोड्या लागल्या तर बेकी, एक सुटा उरला तर एकी. तेवढंच यात आहे. कुठलाही आकडा धरा."

"सात."

"सात म्हणजे एकी. एकी आली की तिप्पट करायची आणि वर एक ठेवायचा. बावीस झाले. बावीस बेकी. बेकी आली की निम्मी करायची. अकरा. अकरा एकी, परत तिप्पट आणि एक..."

"चौतीस. निम्मं सतरा." आबांचे डोळे बारीक झाले. "सतराचं बावन्न. सव्वीस. तेरा. ह्ये कुठं निघालंय गं?"

"करत राहा."

करता करता चाळीस आले, वीस, दहा, पाच. पाचाचे सोळा. सोळा आल्यावर मग घसरगुंडी. आठ, चार, दोन, एक.

"घरी आला," आबा म्हणाले. मग त्यांनी नऊ धरले, ते आले. पंधरा धरले, तेही बरंच भटकून आले. चहावर साय धरली. गाडेवालाही वाकून मोजायला लागला, त्याचं दूध उतू गेलं.

"आता सवाल असा," मी म्हणाले. "कुठलाही आकडा धरला तरी तो शेवटी एकावर येतोच का?"

"येतो?"

"लोकांनी मशिनवर कोट्यवधी आकडे घालून पाहिलेत. सगळे आले. पण सगळेच येतात, एकही चुकत नाही, हे कुणाला दाखवता आलेलं नाही. उत्तर जगात कुणाकडंच नाही आबा." हे सांगताना माझा ऊर भरून आला होता. आमच्या गणितात याहून मोठा सवाल नसतो.

शेंगदाण्याची फोलपटं आबांनी एका बाजूला सारली, दाणे एका बाजूला. भेदिकाची पहिली अट शाहिराच्या पोरीला वेगळी सांगायची गरज नव्हती. सवाल घालणाऱ्याच्या गाठीला उत्तर असलं पाहिजे. समोरचा हरला तर घालणाऱ्यानं उठून ते गायचं. उत्तर नसलं तर तो आंधळा सवाल, आणि आंधळा सवाल घालणारा तिथंच हरला.

"उत्तराचं मी बघते," मी घाईनं म्हणाले. "आपण तुरेवाले. सगळं एकातून निघालं आणि एकातच मिळतं, हे तर आपलंच गाणं की. तसं एक कडवं बांधते. जत्रेत कोण विचारायला येतंय दाखवून द्या म्हणून?"

"बांध," आबा म्हणाले आणि थंड चहा एका घोटात प्यायले.

जत्रेच्या आदल्या दिवशी मी गावी आले. आई चुलीपुढं होती. तिनं मला बसूही दिलं नाही.

"आणलास का तो तुझा सवाल? आण बाई. ह्या खेपंला तुरा न्हाई आला तर ह्यो माणूस भिताडाकडं तोंड करून बसंल आणि मला त्याचं तोंड बघावं लागंल. ऐरणीवर घण घालत्यात त्यो पण आताशा कसनुसा. काल एका माणसाचा विळा वाकडाच दिला करून."

"वाकडाच असतो की विळा," आबा भात्याजवळून म्हणाले.

"बघा! जीभ तेवढी शाबूत हाय."

मी आबांपाशी जाऊन बसले आणि कवन म्हणून दाखवलं. आबा वाचून शिकत नसत, ऐकून शिकत. डोळे मिटायचे आणि मांडीवर बोटं चालायची.

*बेकी आली तर निम्मी करा जी, निम्मी करा,*
*एकी आली तर तिप्पट करुनी वर एक धरा,*
*चालत ऱ्हावं, चालत ऱ्हावं, थांबू नये जरा,*
*सांगा शाहीर, एकाच्या घरी येतो का प्रत्येक माघारा?*

शेवटच्या कडव्यात रीतीप्रमाणं मी आबांची छाप घातली होती. छाप म्हणजे कवनाच्या अखेरीला कवीचं नाव येतं ते. त्यावरून कळतं हे गाणं कुणाचं, आणि त्याचा जाब कुणाला विचारायचा.

*चढतो डोंगर, उतरतो दरी, पायाला न्हाई थार,*
*सांज झाली तरी येईना, उघडं ठेवलंय दार,*
*लोहाराचा धोंडी म्हणे, जिवाला लागला घोर,*
*येईल का हो घराकडं हे भटकं माझं पोर?*

आबांची बोटं थांबली. "पोर कुठनं आणलंस ह्यात?"

"आकडाच तो. भटकतो म्हणून पोर म्हटलं."

"हं." त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला तेच म्हणाले, आणि माझ्यापेक्षा बरं म्हणाले. मी लिहिलेल्या ओळीत श्वास कुठं घ्यायचा हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

"आता उत्तराचं कडवं," मी म्हणाले आणि चढ्या आवाजात सुरू केलं.

*ज्यातून निघालं त्यात मिळालं, एकच शिवाचं घर,*
*रान तुडवून सारे आकडे येती उंबऱ्यावर.*

"ह्ये खरं हाय?" आबांनी विचारलं.

"सगळ्यांना तसंच वाटतं. आजवर एकही चुकलेला सापडला नाही."

"खरं हाय का, त्ये इचारलं मी."

मी भात्याच्या दोरीशी चाळा करत बसले. "असावं," म्हणाले.

"मग त्ये तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. मला पाठ व्हायचं न्हाई." आणि ते उठून कोळसे विझवायला गेले. मला वाटलं, ऐन वेळी विचारतील. मी ते कडवं अंथरुणात मनातल्या मनात घोळत राहिले. जितक्या वेळा घोळलं तितकं ते जास्त गोड लागलं आणि जास्त पोकळ.

जत्रेला आम्ही एसटीनं माळेवाडीला गेलो. भैरोबाच्या देवळापुढं फरसबंदी अंगण. दुपारी तिथं भेदिक. ऊन उतरायच्या आतच माणसं येऊन बसलेली, डोईवर टॉवेल, हातात भेळेच्या पुड्या. एका अंगाला बायका. मी आईशेजारी बसले. माझ्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारी होती, दात मिश्रीनं काळे, पाय पसरून ऐसपैस. तिनं पहिल्या पाच मिनिटांत मला माझं नाव, गाव, लग्न झालं का आणि का नाही हे सगळं विचारून घेतलं. तिचं नाव धुरपदा.

बाबालालकाका हिरवा फेटा बांधून आले, डफाच्या कलगीला झुळझुळीत गोंडे. आबांचा डफ बघून त्यांनी लांबूनच आवाज टाकला.

"काय धोंडीबा, केशवपन केलंस व्हय डफाचं?"

लोक खिदळले. आबा म्हणाले, "केस वाढत्यात पुन्हा, बाबालाल. अक्कल वाढत न्हाई."

पहिल्या तीनचार फेऱ्या नेहमीच्या. तो विचारतो, हा सांगतो. लोकांना आधीच उत्तरं पाठ, शाहिराच्या आधी पुढचेच लोक ओरडून सांगायचे. मग आबा उभे राहिले. डफ छातीशी धरला आणि एकी-बेकी सुरू केली.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, भेळेच्या पुड्या हातातच राहिल्या. शेवटचं कडवं आबांनी संथ घेतलं. *सांज झाली तरी येईना, उघडं ठेवलंय दार.* माझ्या शेजारी म्हातारीनं पाय आखडून घेतले. आणि मग आबा म्हणाले:

*लोहाराची शालन म्हणे, जिवाला लागला घोर...*

झिलकरी दोघं एकदम चाचरले. त्यांनी धोंडीच घोकला होता. आबांनी ओळ फिरवून पुन्हा घेतली, पुन्हा शालनच. मग झिलकऱ्यांनीही शालन घेतली. त्या अंगणात बाईची छाप कधी कुणी ऐकली नव्हती. आईनं माझा दंड धरला. "काय केलं गं ह्या माणसानं?" तिची बोटं रुतत होती. मला तिच्या आधी कळलं होतं, काय केलं ते. छाप माझी, तर जाबही माझा.

बाबालालकाकांनी सवाल दोनदा म्हणवून घेतला. मग पंचांतल्या सावळे गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, खडू काढा. मोजून बघू." कुणी सहा सांगितला, कुणी अकरा, कुणी वात्रटानं शंभर. गुरुजी गुडघ्यावर बसून फरशीवर मांडत गेले आणि सगळे मुकाट्यानं एकावर आले.

"माझा घ्या," शेजारची म्हातारी एकदम उठून उभी राहिली. "सत्तावीस."

"सत्तावीसच का गं धुरपदे?" कुणीतरी विचारलं.

"माझा सुबराव सत्तावीसचा हुता, गेला तवा. बैलं दावणीला बांधली, वैरण टाकली आणि गेला. बापाशी भांडून. घ्या म्हनलं की घ्या."

सत्तावीस काय आहे हे मला ठाऊक होतं.

गुरुजींनी सत्तावीस मांडला. ब्याऐंशी, एक्केचाळीस, मग वर, मग खाली एकतीस. "आला, आला," कुणी म्हणालं. कसला येतोय! चौऱ्याण्णव, सत्तेचाळीस, एकशे बेचाळीस. दोनशे, चारशे. माणसं उठून फरशीभोवती गोळा झाली. खाली एक्क्याण्णववर आला तेव्हा लोकांनी हुश्श केलं, आणि तो पुन्हा निघाला. सातशे. हजाराच्या वर गेला तेव्हा गुरुजींनी सदऱ्यानं तोंड पुसलं. बाबालालकाका डफ खाली ठेवून स्वतः बेरजा तपासत होते. अंगणाची एक ओळ भरली, दुसरी भरली. भेळवाला भेळ सोडून आला.

"सुबराव, मागं फिर रं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले, आणि लगेच गप्प झाले. दोन हजार. चार हजार. सात हजार.

धुरपदाबाई हसत नव्हती. तिनं माझं मनगट पकडलं होतं. "लई लांब गेला गं," ती म्हणाली.

नऊ हजारांच्या वर गेला. तिथं गुरुजींचा हात थांबला. "बेकी आहे," ते म्हणाले. निम्मे केले, ते बेकीच. पुन्हा निम्मे, पुन्हा बेकी. लोक मोठ्यानं मोजायला लागले. तो वर चढायचा, पण आता थोडासाच, आणि उतरायचा जास्त. एकसष्ट. तेवीस. एकशे साठ आले तेव्हा पुढची बारकी पोरंही निम्मं-निम्मं ओरडायला लागली. ऐंशी, चाळीस, वीस, दहा, पाच. पाचाचे सोळा झाले तसा बायकांकडून एक हुंदका आला. पण आठ, चार, दोन, एक.

अंगणानं जी आरोळी ठोकली ती मी पुन्हा कुठं ऐकली नाही. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. धुरपदाबाई खाली बसली आणि पदर तोंडाला लावून डुलत राहिली. "आला गं बया," म्हणत होती. "आला."

बाबालालकाका मात्र फरशीवरच्या आकड्यांकडं बघत उभे होते. खूप वेळानं त्यांनी डफ उचलला, पण वाजवला नाही.

"पंच मंडळी," ते म्हणाले, "एवढे आले, त्ये दिसलं. सगळेच येत्यात का, त्ये मला सांगता येत न्हाई. येत्यात म्हणून गाईन, पण गळ्याखाली उतरत न्हाई. मी हरलो." मग ते बायकांच्या बाजूला वळले. "लोहाराची शालन कुठं हाय? उठ लेकी. सांग उत्तर आणि घिऊन जा बापाचा तुरा."

मी उठले. आईनं मला ढकललंच जवळजवळ. आबा डफ मांडीवर ठेवून खाली बघत होते. त्यांनी मान वर केली असती तर मी त्यांच्या तोंडावरून काहीतरी वाचलं असतं. ते डफाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

कडवं माझ्या गळ्याशी तयार होतं. *रान तुडवून सारे आकडे येती उंबऱ्यावर.* दोन ओळी. त्या अंगणात ते खोटं म्हणणारा एकही माणूस नव्हता. सत्तावीसच्या ओळी समोर फरशीवर पांढऱ्या पडल्या होत्या. देवळाच्या दारातून भैरोबापुढचा तुरा दिसत होता, वर्षभराच्या गुलालानं लाल झालेला.

"सगळीच येत्यात न्हवं गं?" खालून धुरपदाबाईनं विचारलं. तिनं माझ्या साडीची कड धरली होती. "म्हण की."

तिनं विचारलं नसतं तर मी कदाचित गायलेही असते.

"सत्तावीस आला, आजी," मी म्हणाले. "सगळेच येतात का ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

अंगण खवळलं. "आंधळा सवाल!" मागून आवाज आला. शिट्ट्या आल्या. सावळे गुरुजी खडूचा हात वर करून गप्प बसा म्हणत होते.

"मग घातलास कशाला?" बाबालालकाकांनी विचारलं. ते रागावले नव्हते. त्यांना उत्तर खरंच हवं होतं.

"मला चैन पडत नाही म्हणून," मी म्हणाले. "जेवण गोड लागत नाही. वाटलं, कुणाला तरी विचारावं."

बाबालालकाकांनी कलगी सावरली आणि पंचांकडं वळून म्हणाले, "रीत ती रीत."

पंचांना फार वेळ लागला नाही. आबा स्वतः देवळात गेले, तुरा आणला, कपाळाला लावला आणि बाबालालकाकांच्या डफाला स्वतःच्या हातानं बांधला. गाठ बरोबर बसेना. बाबालालकाकांनी डफ तिरका धरून दिला. मी मागं वळून पाहिलं तर धुरपदाबाईची जागा रिकामी होती.

एसटी स्टँडवर आई आमच्यापासून चार हात लांब, गाठोड्यावर बसली.

"शिकून शानी झाली," ती वाऱ्याला सांगत होती. "दोन ओळी म्हणायच्या हुत्या. दोन! आता ह्यो बसंल भिताडाकडं तोंड करून, आणि ही जाईल कोल्हापूरला."

मी आबांच्या शेजारी बसले.

"आबा, छाप का बदलली?"

"कवन तुझं. त्याला माझं नाव लावून गाऊ?"

"तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी, उत्तर नाही म्हणून."

"सांगितलं हुतंस की."

"मग गायलात कशाला?"

आबांनी डफ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. "जल्मभर जे मला ठावं हाय त्येच दुसऱ्याला इचारत आलो, शालन. त्या दिवशी चहाच्या गाड्यावर मोजाय लागलो तवा चहाचं भान ऱ्हायलं न्हाई मला. तसं किती सालांत झालं नव्हतं." मग म्हणाले, "तू ते उत्तराचं कडवं गायली असतीस तर तुरा घेतला असता मी. न्हाई कशाला म्हणू? घेतला असता. पर तुला ते गायला लावणारा मी न्हवं, एवढंच."

तेवढ्यात बाबालालकाका आले. फेटा काखेत, डफाला कलगी आणि तुरा दोन्ही. ते आबांशी न बोलता थेट माझ्यासमोर उकिडवे बसले.

"ए लेकी, त्ये कवन सांग परत. जिंकल्याला हरलेल्याचा सवाल गावोगाव गावा लागतो, ठावं हाय न्हवं? दुसऱ्या कडव्यात चाल कुठं मोडती त्ये ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

"आंधळा सवाल गाणार तुम्ही? हराल की काका."

"हरंन," ते म्हणाले. "पर समोरचा पण बसंल की फरशीवर खडू घिऊन. आणि नाव तुझंच गाईन हां, माझं न्हाई. हरताना नाव दुसऱ्याचं असल्यालं बरं."

आबा पहिल्यांदा हसले. त्यांनी बोडक्या डफावर हलकेच थाप धरली, आणि मी दुसरं कडवं म्हणायला लागले. बाबालालकाका मागोमाग. मध्येच आबा म्हणाले, तिथं श्वास न्हाई घ्यायचा, ओलांडून जायाचं. आमची गाडी आली, आईनं गाठोडं उचललं, आमच्याकडं पाहिलं आणि परत खाली ठेवलं. गाडी गेली.

धुरपदाबाई देवळाच्या वाटेनं येताना मला आधी आईनं दाखवली. धापा टाकत होती. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, बोल लावील.

"त्यो सत्तावीस म्हणजे गेला तवाचा," ती म्हणाली. "मी येडी, तवाचाच आकडा सांगितला. आता तेवढाच ऱ्हाईल व्हय त्यो? आता एक्केचाळीसचा असंल. एक्केचाळीस धर."

एक्केचाळीस वाटेत लागून गेला होता. सत्तावीसच्या पुढं अगदी थोड्याच अंतरावर. ते शेकडे, ते हजार, ती नऊ हजारांची चढण, सगळं एक्केचाळीसच्या पुढं होतं.

"आजी," मी म्हणाले, "तो त्याच वाटेवर आहे. पण चढ सगळा अजून पुढंच आहे."

तिनं मान डोलावली. मग आईला गाठोड्यावर सरकायला सांगून तिच्या शेजारी बसली, पाय पसरून, ऐसपैस.

"असंना का. डोंगरातच वाढलाय त्यो," ती म्हणाली. "तू मोज."

एक्केचाळीस एकी. तिप्पट एकशे तेवीस, वर एक, एकशे चोवीस. निम्मे बासष्ट. निम्मे एकतीस.